वय चौपन्न, धंदा सरकी-पेंडीचा

सिनेमा कुणासाठी करणार, असं विजयसिंह सरांनी विचारलं आणि वर्गातल्या एकूण एक जणानं 'सगळ्यांसाठी' असं उत्तर दिलं. मीही दिलं. सर चिडले नाहीत. म्हणाले, "सगळ्यांसाठी म्हणजे लग्नाचं जेवण. तेही कुणालातरी अळणी लागतंच."

आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक छोटा सिनेमा करायचा असतो, आणि सरांचा नियम असा की कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी प्रेक्षक ठरवायचा. 'तरुण वर्ग', 'ग्रामीण महिला' असलं मोघम काही लिहिलेलं त्यांना चालत नाही. एकच माणूस उभा करायचा. त्याचं वय, त्याचा धंदा, तो सकाळी काय करतो, फोनवर काय बघतो, कशानं हसतो, कशानं उठून जातो. मग सिनेमा त्या माणसासाठी करायचा. झाल्यावर तशाच चार माणसांना एकेकट्याला गाठून दाखवायचा आणि विचारायचं : काय कळलं, काय वाटलं, आणि हा सिनेमा आणखी कुणी बघावा असं वाटतं. बाकीची पोरं डोकं खाजवत बसली. मला खाजवावं लागलं नाही. माझा माणूस मला पाठ होता. मी रोज त्याच्या ताटात भाकरी वाढत होते.

मी लिहिलं : वय चौपन्न. शिवाजी पेठेत सरकी-पेंड आणि भुशाचं दुकान, वर घर. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. फोनवर कुस्त्या बघतो आणि म्हशींचे व्हिडिओ. आवाज चढवत नाही, दुसऱ्यानं चढवलेला चालत नाही. सिनेमात बाप वाईट दाखवला की 'ह्या पोरांस्नी काय कळतंय' म्हणून उठतो. जनावराचे हाल दाखवले की डोळे पुसतो. पंधरा मिनिटांच्या वर गेलं की घोरतो. दोन मुली. इथं मी जरा थांबले आणि मग लिहिलं, थोरली घरात.

सरांनी वाचून विचारलं, "इतका बारीक अभ्यास कुठं केलास, सौंदर्या?"

"घरीच केला, सर."

सर हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

थोरली म्हणजे प्रेरणाक्का. तिला इचलकरंजीत दिली होती, यंत्रमागवाल्यांच्या चांगल्या भरल्या घरात. नवऱ्याचं दुसरीकडे होतं. ते लग्नाआधीपासून होतं, आणि ते मोडावं म्हणूनच घरच्यांनी त्याचं लग्न लावलं होतं. म्हणजे माझी बहीण त्यांनी औषध म्हणून नेली. गुण आला नाही. अक्का परत आली त्याला दीड वर्ष झालं. सोडचिठ्ठी नाही, भांडण नाही, कोर्ट नाही. दोन्हीकडची मोठी माणसं 'समजुतीनं घेऊ' म्हणाली आणि घेतच बसली.

आल्या दिवशी अप्पांनी तिला एका शब्दानं विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "थोडा दम धर." तो दम अजून धरलेलाच आहे. कारण अप्पा पेठेत सांगून बसले होते की पोरगी इचलकरंजीत आहे, बरी आहे. एकदा सांगितलं की निभवणं आलं. त्यामुळं आमच्या दारात बायकांच्या चपलांचे जोड दोनच दिसायचे, अव्वाचा, म्हणजे आईचा, आणि माझा. अक्काच्या चपला पलंगाखाली. तिचे कपडे गच्चीत नाही, आत दोरीवर वाळायचे आणि खोलीला कायम दमट वास यायचा. पाहुणा आला की अक्का आतल्या खोलीत, आणि पाहुणा उठेपर्यंत तिनं खोकायचंही नाही. एकदा विम्याचे एक गृहस्थ दुपारभर ठाण मांडून बसले आणि आतून अक्काला शिंक आली, तर अव्वानं लगोलग पदर तोंडाला लावून दोन शिंका काढून दाखवल्या. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

तिला कुणी कोंडलं नव्हतं हे सांगायलाच हवं. कडी आतूनच होती. अप्पा तिच्यासाठी मंडईतून निवडून पेरू आणायचे. "कोण अडवलंय तिला?" असं म्हणायचे, आणि ते खरंच होतं, म्हणून तर मला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. कुलूप असतं तर तोडता तरी आलं असतं.

अव्वाचा भाऊ, आमचा सोमशेखरमामा, याची कळंब्याच्या रस्त्याला रक्त तपासायची लॅब आहे. अक्का त्याच शिक्षणाची. मामा म्हणाला होता, जागा आहे, पोरीला पाठवा, महिनाअखेरपर्यंत मी दुसरं कुणी घेत नाही. अप्पा म्हणाले, "बघू." अप्पांच्या 'बघू'मध्ये आमच्या घरातले निम्मे विषय जाऊन मेलेत. तेव्हा माझ्या सिनेमाला एकच काम होतं. महिना संपायच्या आत अप्पांच्या तोंडून 'जा' एवढा शब्द काढायचा. मार्क गेले उडत.

आमचं घर जसंच्या तसं दाखवलं असतं तर अप्पांनी पहिल्या मिनिटाला लॅपटॉप मिटला असता. फार लांबचं दाखवलं असतं तर मध्येच फोनवर कुस्ती लावली असती. म्हणून मी घर बदललं, जात बदलली, धंदा बदलला आणि पलंगाखालच्या चपला तेवढ्या ठेवल्या. शेतकऱ्याची पोरगी सासरहून परत आली आहे, बाप चांगला आहे, लोकांच्या भीतीनं तिला लपवतो, एवढीच गोष्ट. पोरगी झाली अनुजा, माझ्या वर्गातली. कॅमेरा ऋतुराजचा. बापाचं काम करायला नाटकात काम करणारे एक काका मिळाले.

गोठा हवा होता, तो दिला कृष्णातकाकांनी. कळंबा तलावाच्या पलीकडं त्यांची वस्ती. पेंड आमच्याकडूनच नेतात, अप्पांना 'मालक' म्हणतात, आणि अप्पांनाही त्यांच्या प्रत्येक म्हशीचं दुखणं-खुपणं पाठ. शूटिंग आहे म्हटल्यावर त्यांनी म्हशी धुतल्या, शिंगांना तेल लावलं आणि स्वतः नवा शर्ट घालून कॅमेऱ्याच्या मागं उभे राहिले. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुणाच्यातरी हातानं चहाचे कप बाहेर ठेवले. मी कप घ्यायला गेले तर आत निशिगंधा, काकांची मुलगी. कॉलेजात अक्काच्या मागच्या वर्षाला होती. काका आम्हाला सांगायचे, ती सासरी गारगोटीला असते. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवून कप घेऊन आले. पेठेत वाढलेल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही.

शूटिंगमध्ये माझं आणि अनुजाचं रोज वाजायचं. ती म्हणायची, "हिला एकदातरी ओरडू दे की गं. मी असते तर ताट फेकलं असतं."

"ताट फेकलं की तो उठून जाणार."

"कोण तो?"

"प्रेक्षक."

"मर्दा, कुठला गं तो प्रेक्षक? एवढा नाजूक हाय तर बघू नको म्हणावं त्याला."

पण मी ऐकलं नाही. अप्पांना रुचेल तेवढंच ठेवलं, खुपेल ते काढलं. पोरगी कुठंही आवाज चढवत नाही. बाप तिला स्वतःच्या हातानं दूध देतो. म्हशीपासून तोडून बांधलेलं एक रेडकू घातलं, ते हंबरतं, तिथं अप्पांचे डोळे पाणावणार हे मला चांगलं माहीत होतं. आणि शेवटी बाप आपण होऊन पोरीच्या चपला पलंगाखालून काढतो आणि दाराबाहेर ठेवतो. अप्पांना कुणाकडून सांगून घ्यायला आवडत नाही, म्हणून तसा शेवट. सगळा सिनेमा मी त्यांच्या मापानं बेतला.

झाल्यावर आधी अक्काला दाखवला, आतल्या खोलीत, माझ्या फोनवर. तिनं दोनदा बघितला.

"छान झालाय," ती म्हणाली. "अप्पांना आवडंल."

"आणि तुला?"

"मला कशाला? माझ्यासाठी केलायस होय?"

मला रागच आला. म्हटलं, "मग कुणासाठी केलाय? तुझ्यासाठीच केलाय."

"माझ्यावर केलायस," अक्का म्हणाली आणि पीठ मळायला उठून गेली. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. असता तर मी भांडले असते.

मग सरांच्या नियमाप्रमाणं माझ्या माणसाच्या वयाची, त्याच्या वळणाची माणसं गाठायला निघाले. पहिले पिराजीकाका. हे तालमीच्या कट्ट्यावर बसून फुटबॉलच्या पोरांना शिव्या देतात, तेवढंच त्यांचं काम. त्यांच्याही घरात परत आलेली एक पुतणी आहे आणि ती मुंबईला असते असं ते सांगतात. सिनेमा बघून ते गहिवरले. म्हणाले, "लै भारी केलंयस. आमच्या धाकट्याला दाखव. त्यो असलाच हाय, लोकांस्नी भितोय." मी धाकट्याकडं गेले. तो म्हणाला, "हे आमच्या दादाला दाखवा. घरात त्याचंच चालतंय." दोघं एकाच वाड्यात राहतात, मधे एक भिंत आहे.

कृष्णातकाकांना त्यांच्याच गोठ्यात दाखवला. सुरुवातीला म्हशी बघून खूश झाले. चपला आल्या तसे उठले आणि म्हशीपुढं वैरण टाकायला लागले, आधीची तशीच पडलेली असताना.

"काय कळलं, काका?"

"कळलं."

"काय वाटलं?"

"म्हशी ग्वाड दिसत्यात."

"आणखी कुणी बघावा हा?"

"कुणालाबी दाखव. गोठा माझा हाय म्हणून तेवढं सांगू नगंस."

राहिले अप्पा. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा खाली दुकानात गेले, भुशाच्या पोत्यांवर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी बसले. अप्पा घोरले नाहीत. रेडकू हंबरलं तसा उपरण्याचा शेव डोळ्याला गेला. शेवटी बापानं चपला बाहेर ठेवल्या आणि सिनेमा संपला, तरी अप्पा काळ्या पडद्याकडं बघत बसून राहिले. डोक्यावर, वरच्या मजल्यावर, अक्का स्वयंपाकघरातून खोलीत जात असल्याचं ऐकू येत होतं.

"काय कळलं, अप्पा?"

"बाप चुकला. वाईट न्हवता गं, पण चुकला."

"काय वाटलं?"

"पोटात तुटलं." त्यांचा आवाज खरंच कापत होता. "जित्याजागत्या लेकराला असं अंधारात ठेवायचं म्हंजे काय. कसं करू धजत्यात लोक?"

मला वाटलं, जमलं. मला वाटलं, आता हे उठतील, जिना चढून वर जातील. मी तिसरा प्रश्न विचारला नसता तरी चाललं असतं, पण सवयीनं विचारला. हा आणखी कुणी बघावा, अप्पा?

अप्पांनी रस्त्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मला ठावं हाय तू कुणावर केलायस. गोठा बघितला आणि वळखलं. किस्नाताची पोरगी घरातच हाय, न्हवं? मला संशय हुताच."

"अप्पा, हा किस्नातकाकांवर न्हाय."

"असू दे, असू दे. नाव घ्यायचं नसतंय, कळतंय मला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शिकल्यालं सार्थक झालं तुझं. मी बोलतो त्याच्यासंगं. माझं ऐकतोय त्यो."

"अप्पा, वर चला जरा. अक्का..."

"येतो की. आधी हे करतो, न्हाईतर ऱ्हाऊन जातंय." त्यांनी टोपी घातली, मला गल्ल्यावर बसवलं आणि गाडी काढून कळंब्याच्या दिशेनं गेले. मी मागं धावायला हवं होतं, दुकानात ओरडायला हवं होतं, हे मला आता सुचतं. तेव्हा एक गिऱ्हाईक आलं आणि त्याला गोळीपेंड हवी होती.

त्या आठवड्यात अप्पा दुकान सोडून तिकडं खेटे घालत होते. इतका उत्साह मी त्यांच्या अंगात कधी बघितला नव्हता. घरी येऊन सांगायचे, किस्नाताची मंडळी रडली, किस्नात आधी बोलायलाच तयार नव्हता, मग नरमला. अव्वा ऐकून घ्यायची. अक्का आमटी वाढायची. मी दात-ओठ खात बसायचे आणि ठरवायचे की उद्या सांगायचंच. उद्या अप्पा आणखी एक मजल मारून यायचे.

मग एका दुपारी जेवायला बसले आणि म्हणाले, "झालं. किस्नात तयार झाला. पोरगी आपल्या प्रेरणासारखीच शिकल्याली हाय. सोमशेखरला फोन लावला, घेतो म्हणाला."

अव्वाच्या हातात भाकरी तशीच राहिली. "कुठं घेतो?"

"लॅबमधी. महिना सरत आला, जागा रिकामीच हाय की."

"ती जागा अक्काची हाय," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले असणार, कारण अव्वा लगेच कानडीत गेली. "सुम्मनिरु," म्हणाली, गप्प बस. ती घाबरली की कानडीतच घाबरते.

अप्पा माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना खरोखरच कळलेलं नव्हतं. "प्रेरणाला काय घाई हाय? तिला घर हाय, आपण हाय. त्या पोरीचं हाल बघवत न्हाईत गं. तूच दाखवलंस की."

अक्कानं त्यांच्या वाटीत आमटी घातली. "मीठ बरोबर हाय?" म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, बरोबर हाय. मी ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

कॉलेजात माझा सिनेमा पहिला आला. मी अप्पांच्या प्रश्नोत्तरांचं सगळं सरांना सांगितलं नव्हतं, एवढंच सांगितलं होतं की एका प्रेक्षकानं सिनेमा बघून ओळखीच्या घरातल्या मुलीला नोकरी लावून दिली. सर वर्गाला म्हणाले, "बघा, प्रेक्षक नेमका ठरवला की नेम असा बसतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. अनुजा तेवढी वाजवत नव्हती. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "तरी म्हटलं हुतं, ताट फेकूया."

निशिगंधा सोमवारी कामावर जाणार होती, म्हणून रविवारी सकाळी कृष्णातकाका तिला घेऊन आमच्याकडं पेढे द्यायला आले. गाडीचा आवाज आला तशी अक्का आपण होऊन आतल्या खोलीत गेली. पडदा ओढून घेतला. अव्वानं सोफ्यावरची तिची ओढणी उचलून माझ्या हातात कोंबली. सगळं नेहमीच्या सफाईनं झालं.

निशिगंधा आत आली आणि अप्पांच्या पायाच पडली. "काका, तुमच्यामुळं झालं."

"माझं कसलं गं," अप्पा म्हणाले, पण फुलून आले होते. कृष्णातकाकांनी त्यांच्या हातात पेढा दिला. निशिगंधा खुर्चीच्या कडेवर बसली. तिचा चेहरा उन्हात बाहेर पडायची सवय गेलेल्या माणसाचा होता. मी तो चेहरा घरात रोज बघते, म्हणून मला कळला.

"प्रेरणाताई कशी हाय?" तिनं विचारलं. "तिला मशीनचं जरा इचारून घ्यायचं हुतं. माझं समदं इसरल्यागत झालंय."

"बरी हाय की. इचलकरंजीत," अप्पा म्हणाले. पापणीही लवली नाही. त्यांच्या दृष्टीनं ते खोटं उरलंच नव्हतं, नमस्काराला नमस्कार म्हणावा तसं ते तोंडातून येत होतं. आणि समोर कोण बसलं होतं? त्यांनीच अंधारातून काढलेली पोरगी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता मी बोलणार होते. शप्पथ बोलणार होते.

त्याच्या आधी पडदा सरकला आणि अक्का बाहेर आली. हातात ट्रे नाही, पाण्याचा तांब्या नाही. नुसती आली आणि निशिगंधाच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

अव्वा अर्धवट उठली आणि तशीच राहिली. पण अप्पांचं मला कौतुक करावं लागेल. क्षणभरच थांबले. मग म्हणाले, "ही काय, आजच आली. सकाळच्या एसटीनं. अजून चहाबी घेतला न्हाई बघ तिनं."

"व्हय, व्हय," कृष्णातकाका जमिनीकडं बघत म्हणाले. "माहेरपणाला आली असंल. किती दिवस ऱ्हाणार, पोरी?"

सगळे तिला मदतच करत होते. तिनं 'चार दिवस' म्हटलं असतं की झालं असतं, पेढे वाटले गेले असते, चहा झाला असता, आणि पाहुणे गेल्यावर ती उठून आत गेली असती. माझ्या डोळ्यांदेखत घर तिच्याभोवती पुन्हा मिटत होतं.

"दीड वर्ष झालं, काका," अक्का म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी आमच्या दुकानाचं शटर वाजवून 'मालक हायत का' विचारलं आणि उत्तर न मिळाल्यावर निघून गेलं.

"ठावं हाय, पोरी," कृष्णातकाका म्हणाले.

अप्पांनी मान वळवली. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला लागतंय, मालक? पेठंत कुणाला ठावं न्हाई?"

"मग दर वक्ताला पेंड न्यायला आलास की इचारत हुतास, पोरगी बरी हाय न्हवं म्हणून. ते?"

"तुम्हांस्नी बरं वाटावं म्हणून इचारत हुतो."

अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. दीड वर्ष अप्पा ज्या लोकांना भीत होते त्यातला एक माणूस समोर बसला होता, नव्या शर्टात, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन. आणि तो बिचारा आणखी ओशाळा झाला, कारण त्याला वाटलं मालक रागावले. म्हणून समजावून सांगायला लागला.

"आमची परत आली तवा मंडळी म्हणाली, जाऊ दे तिला कामाला, मन रमंल. मीच म्हटलं, थांब. बसलिंगाप्पा मालकांनी आपली पोरगी आत ठेवलीया. एवढा शहाणा माणूस, त्यो करतोय म्हंजे तसंच करायचं असतंय. तुमचं बघूनच ठेवलीती की, मालक." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर अप्पांना उत्तर देता आलं असतं. "मग तुम्हीच येऊन काढ म्हणाला. म्हणून काढली."

निशिगंधाचे डोळे भरले होते. ती अक्काला म्हणाली, "ताई, ती जागा तुझी हुती व्हय गं?"

"आता तुझी हाय," अक्का म्हणाली. "जाऊ दे. मशीनचं काय अडतंय ते इचार." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. सकाळी मशीन लावल्यावर आधी काय बघायचं, नमुन्यावरचं नाव आणि कागदावरचं नाव दोनदा कसं ताडायचं, लहान पोराची शीर सापडत नसली तर त्याच्या आईला कुठं उभं करायचं. मोकळ्या आवाजात सांगत होती, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या. दीड वर्षात आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. निशिगंधा मान हलवत होती. अव्वा दाराला टेकून उभी होती आणि तिनं अक्काला हळू बोल म्हटलं नाही.

अप्पा मधल्या खुर्चीवर होते. हातातला पेढा बोटांच्या उबेनं मऊ पडला होता.

"खावा की, मालक," कृष्णातकाका अदबीनं म्हणाले. "तुमच्या हातूनच झालंय समदं."

अप्पांनी पेढा तोंडात घातला. अक्काचं मशीनचं सांगून संपलं तरी तो त्यांच्याकडून गिळला गेला नव्हता.